हार नसलेली राजकन्या

शारजाच्या औद्योगिक भागात माझं गोदाम आहे. बंद पडलेल्या किंवा नव्याने सजवायला काढलेल्या हॉटेलांचं सामान मी घाऊक उचलतो आणि सुटं विकतो. पलंग, आरसे, झुंबरं, खुर्च्या, सगळं. विहीणबाई याला भंगार म्हणतात. लग्नाच्या बोलणीत, पुण्यात त्यांच्या दिवाणखान्यात, चहाचा कप माझ्या हातात देतादेता त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे भंगारच ना हो?" तो चहा मी प्यालो. पण तो अजून घशाखाली उतरलेला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्या कपात आहे.

दुबईत देऱ्यामध्ये एक जुनं हॉटेल बंद झालं. त्याच्या तळघरात जर्मन पद्धतीचं रेस्टॉरंट होतं. भिंतीवर हरणाची शिंगं, फळीवर झाकणाचे मोठे मग, आणि गल्ल्याच्या मागे लंबगोल सोनेरी फ्रेममध्ये एक चित्र. वर्षा-दीड वर्षाची मुलगी, निळ्या मखमली उशीवर बसलेली. सोनेरी कुरळे केस, पांढऱ्या लेसचा झगा, टपोरे गाल, मांडीवरच्या हातात फुलांचा लहानसा गुच्छ. चित्राच्या कोपऱ्यात बारीक मुकुट काढलेला. डोळे निळे. गल्ल्याकडून बघा की दारातून, ते तुमच्याकडेच बघायचे.

हॉटेलची आवराआवर करणारा लेबनीज मॅनेजर म्हणाला, "रॉयल फॅमिली, हबीबी. जर्मन प्रिन्सेस." चित्राचे वेगळे बावीसशे दिरहम हवेत म्हणून अडून बसला. बावीसशे दिरहम म्हणजे पन्नास हजार रुपये! मी चित्राचा विषयच सोडला आणि खुर्च्यांवर बोलत राहिलो. दुपारपर्यंत सगळ्या सामानाचा सौदा झाला. हात मिळवले. मग मी त्याचा हात सोडलाच नाही.

"आता वर काय देतोस?"

"खलास, हबीबी, हात मिळवला ना आपण!"

"मिळवला म्हणूनच मागतोय. आधी मागितलं असतं तर तू त्याचेही पैसे लावले असतेस."

ही माझी सवय. भाजीवाली वर कोथिंबीर देते, तसं मी प्रत्येक सौद्यात एक वस्तू वर घेतो. तो कपाळाला हात लावून हसला, आणि माझ्या माणसांनी चित्र भिंतीवरून उतरवलं.

उतरवतानाच मी ठरवलं होतं ते कुठे जाणार. माझा मुलगा अबू धाबीत नोकरी करतो, अल रीम आयलंडवर अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतो. सुनेला सातवा महिना होता. आपल्याकडे गरोदर बाईच्या खोलीत गोंडस बाळाचं चित्र लावतात, सकाळी उठल्याबरोबर तिच्या नजरेस पडावं म्हणून. चिपळूणला आमच्या खोलीत माझ्या बायकोने दुधाच्या पावडरीच्या डब्यावरचं गोरं बाळ कापून चिकटवलं होतं. मुलगा माझ्यासारखाच काळासावळा निघाला, ते सोडा. पण धडधाकट निघाला. बायको आता नाही. ती असती तर सुनेच्या खोलीत तिनेच काहीतरी लावलं असतं. ते काम माझ्याकडे आलं आहे, असं मी धरून चाललो.

आणि काम साधं नव्हतं. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात सुनेचं सगळं संपलं होतं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. बोलायची वेळ आलीच तर "ते झालं तेव्हा" एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. त्यामुळे या खेपेला सगळेच श्वास धरून होते. बाळंतपणासाठी विहीणबाई पुण्याहून येऊन राहिल्या होत्या.

त्यांनीही बॅगेत गुंडाळून चित्र आणलं होतं. लोणी खाणारा बाळकृष्ण.

"व्याही, हे काय उचलून आणलंत?"

"राजकन्या आहे. जर्मनीची. खरी."

"वापरलेली ना पण? तुमच्याकडे सगळं वापरलेलंच असतं."

माझं डोकं फिरलं. "विहीणबाई, तुमचा बाळकृष्ण तुळशीबागेत ढिगाने मिळतो. ही एकच आहे."

"देवाला ढीग म्हणता?"

"कागदाला म्हणतोय!"

मुलगा मध्ये पडला. "बाबा, चिल. आई, प्लीज. आधी वॉलचं बघू, इथे ड्रिल करायला बिल्डिंगचं अप्रूव्हल लागतं." शेवटी राजकन्या पलंगासमोरच्या ड्रॉवरच्या कपाटावर भिंतीला टेकवून ठेवली, आणि बाळकृष्ण कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी जिंकलो होतो. विहीणबाई आत जाऊन कुकर लावताना भांडी आपटत होत्या, तो आवाज मला गोड लागत होता.

सून चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, छान आहे. राहू दे."

त्यानंतर दर शनिवारी मी शारजाहून गाडी काढून तिथे जाऊ लागलो. ती पलंगावर पाय पसरून बसलेली, मी समोरच्या खुर्चीत. एकदा तिने विचारलं, "बाबा, हिचं पुढे काय झालं असेल?"

मला काय ठाऊक? पण गिऱ्हाइकाने वस्तूबद्दल विचारलं आणि मी गप्प बसलो, असं आयुष्यात झालेलं नाही. "काय होणार? राणी झाली. दोन राज्यांनी मागणी घातली होती. हिच्या बापाने जास्त हुंडा न मागणाऱ्याला दिली. आठ मुलं झाली. नव्वदीपर्यंत जगली, दात सगळे शाबूत."

ती हसली. "दातसुद्धा?"

"राजघराणं आहे. तूप काय कमी असेल?"

पुढच्या शनिवारी तिने स्वतःहून विचारलं, "बाबा, राणीचा नवरा कसा होता?" मग मी नवरा सांगितला, त्याचा घोडा सांगितला, सासू सांगितली. सासू थोडी विहीणबाईंसारखी झाली. पोटावर हात ठेवून सून ऐकायची. मी खोटं सांगतोय असं मला एकदाही वाटलं नाही. बाहेर हॉलमध्ये माझ्या बायकोचा फोटो आहे, त्याला चंदनाचा हार. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या फोटोला हार असतो, कपाळावर गंध असतं. फोटो बघितला की कळतं. या मुलीच्या फ्रेमला काहीही नव्हतं. ती जिवंतपणी रंगवलेली, पुढे वाढलेली, म्हातारी होऊन गेलेली, असंच मी समजून चाललो होतो.

आठवा महिना लागला त्या सुमाराला माझ्या गोदामात एक जर्मन बाई आल्या. साठीच्या असतील. अबू धाबीत छोटा कॅफे काढायचा होता, जुन्या लाकडी खुर्च्या हव्या होत्या. खुर्च्या त्याच हॉटेलातल्या होत्या. त्या भाव पाडू लागल्या तेव्हा मी फोन काढला आणि चित्र दाखवलं. "मॅडम, बघा कुठल्या जागेचा माल आहे. तुमची रॉयल फॅमिली तिथे जेवायला असायची."

त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"ओरिजिनल आहे," मी म्हणालो.

"नाही. ओरिजिनल आमच्या गावच्या गढीत आहे. शाळेत असताना आम्हांला दाखवायला न्यायचे. रात्री झोप लागायची नाही."

"का?"

"कारण ती मेलेली आहे."

मला वाटलं, बाईचं इंग्रजी कच्चं असेल. जुनं चित्र आहे, आता मेलेलीच असणार. मी तसं म्हणालोही. त्यांनी मान हलवली आणि बोटाने फोनवरचा हात मोठा केला. "फुलं बघा. तिने धरलेली नाहीत. हातात ठेवलेली आहेत."

त्या एका खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. लहानसं राज्य, लहानसं राजघराणं. लग्नानंतर कित्येक वर्षांनी झालेली ही पहिली मुलगी. जन्मली तेव्हा गावातल्या सगळ्या घंटा वाजल्या. दोन वर्षांची व्हायच्या आत घशाच्या आजाराने गेली. आईने तिला हलवू दिलं नाही. चित्रकाराला बोलावलं, उशीवर निजवलेल्या मुलीला बसलेली रंगवायला लावलं आणि मिटलेले डोळे उघडे काढायला लावले. चित्रकाराने ते डोळे कधी पाहिलेच नव्हते. आई सांगत गेली तसे त्याने काढले. म्हणून ते कुणाचेच वाटत नाहीत, बाई म्हणाल्या, आणि म्हणून ते सगळीकडे बघतात. पुढे आईने त्याच्या नकला करून घेतल्या, घराण्याच्या प्रत्येक वाड्यासाठी एक. नंतर तिला चार मुलं झाली. दायांनी ती चारही मुलं रोज सकाळी चित्रासमोर नेऊन उभी करायची आणि त्यांनी थोरल्या बहिणीला सुप्रभात म्हणायचं, मग न्याहारी. मुलं मोठी झाली, लढाया झाल्या, राज्य गेलं, वाडे विकले गेले. म्हातारपणीसुद्धा ती भावंडं सकाळी भिंतीकडे बघून पुटपुटायची, असं गावात सांगतात.

"तुम्ही कुठे लावलं आहे?" त्यांनी विचारलं.

"गोदामातच आहे," मी म्हणालो.

खुर्च्या मी त्यांना त्या म्हणतील त्या भावाने दिल्या. वर काही मागितलं नाही. माझी माणसं माझ्याकडे बघत राहिली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. गोदामात मी आरसे झाकून ठेवायला लावले. गाडी चालवताना मागच्या आरशात बघणं टाळू लागलो. मी देवभोळा माणूस नाही. एकटा आलो, एका खोलीत दहा जणांबरोबर राहिलो, कुणाच्या आशीर्वादाने काही मिळालेलं नाही. पण मी, माझ्या हाताने, एक मेलेलं मूल नेऊन आठव्या महिन्यातल्या पोरीच्या नजरेसमोर बसवलं होतं. रोज सकाळी तिने डोळे उघडले की पहिली नजर त्या डोळ्यांवर. आणि वर मी त्या मुलीला नव्वद वर्षांचं आयुष्य आणि आठ मुलं वाटून बसलो होतो.

खरं सांगावं तर सून घाबरेल, आणि घाबरण्यानेच काही झालं तर? न सांगावं तर चित्र तिथेच. मी ठरवलं, काहीतरी सबब काढून उचलून आणायचं. सबब काढण्यात मला कोण हरवणार?

शनिवारी गेलो. "बेटा, त्या चित्राला गिऱ्हाईक आलंय. शेखच्या घरातलं. नाही म्हणता येत नाही."

सून पलंगावर बाळाचे कपडे घडी करत होती. "नाही बाबा. ते माझं आहे."

"मी दुसरं देतो. याहून मोठं. दोन देतो."

"नको."

"कारंजं हवंय का बाल्कनीत? इटालियन आहे."

"बाबा, दिलेलं परत घेतात का?"

विहीणबाई दारात येऊन उभ्या होत्याच. "घेतात. फायदा दिसला की घेतात. सुनेच्या खोलीतलं विकायला निघाले! मी म्हटलं नव्हतं? भंगारवाला तो भंगारवालाच."

तो कप, तो चहा, सगळं एकदम वर आलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. तुमच्या पुण्याच्या घरात शोभेची एक तरी वस्तू आहे का, असं काहीसं. त्याही ओरडल्या. मी तिरमिरीत कपाटाकडे गेलो आणि फ्रेमला हात घातला.

"बाबा, ती मेलेली आहे हे तुम्हांला आत्ता कळलं का?"

सुनेचा आवाज चढलेला नव्हता. हातातलं टोपरं ती तसंच घडी करत होती. माझा हात फ्रेमवर होता, तो मला काढताही येईना.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पहिल्याच दिवशी दिसलं. गाल बघा ना. जिवंत बाळाचे गाल असे खाली येत नाहीत." ती थांबली. "मी बघितलंय, बाबा. मागच्या वर्षी नर्सने विचारलं होतं, बघायचंय का. तुमचा मुलगा बाहेर गेला, त्याला जमलं नाही. मी बघितलं. मुलगी होती. एवढीशी. पण गाल होते तिला."

विहीणबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. "मुलगी होती? तू मला कधी..."

"आई, तू विचारलं नाहीस. कुणीच विचारलं नाही. सगळे म्हणाले, पुढच्या वेळी सगळं नीट होईल, इन्शाल्ला. फोटो नाही, नाव नाही, हार घालायला काही नाही. तिच्या आईने निदान चित्र तरी काढून घेतलं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "मग मी राणीच्या गोष्टी सांगत होतो तेव्हा थांबवलं का नाहीस?"

"का थांबवू? तुम्ही तिला मोठी करत होतात."

चित्र तिथेच राहिलं. मुलांना रोज सकाळी तिच्यासमोर उभं करायचे, ही गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. मुलालाही नाही. तेवढी माझ्या पोटात ठेवली.

सुनेला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी मी शारजाहून थेट तिथे पोहोचलो. मुलगा आत तिच्याबरोबर होता. बाहेर विहीणबाई आणि मी, मध्ये एक खुर्ची रिकामी. बराच वेळ झाला. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "व्याही, तुमच्याकडे घराची किल्ली आहे ना?"

"आहे."

"ती घरी यायच्या आत ते काढून टाकू या."

पहिल्यांदाच आम्ही दोघं एका बाजूला होतो. मी गाडी काढली. अठ्ठाविसाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. दुपारचं ऊन काचेतून थेट पलंगावर आलं होतं आणि ती तिच्या जागेवर बसलेली होती.

"उचला," विहीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही दुसऱ्या बाजूने धरा."

"मी नाही हात लावणार. तुमची वस्तू आहे."

"आता माझी?"

शेवटी मीच पुढे झालो. उचलवेना. वजनाने नव्हे, याहून जड आरसे मी एकट्याने जिने उतरवलेत. मग मी ती नुसती फिरवली, तोंड भिंतीकडे करून. मागे सरून बघितलं तर ते आणखी वाईट. कोपऱ्यात शिक्षा करून उभं केलेलं मूल असावं तशी. विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "सरळ करा हो. सरळ करा तिला."

मी सरळ केली. ती पुन्हा आमच्याकडे बघू लागली. तेवढ्यात मुलाचा फोन आला. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

विहीणबाईंनी कपाटाचं दार उघडून बाळकृष्णाला नमस्कार केला. मग वळल्या आणि ड्रॉवरवरच्या चित्राकडे बघत तशाच हात जोडून उभ्या राहिल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

बारशाला मी मुक्कामालाच गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पॅसेजमधून जात होतो, सुनेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आंघोळ झालेलं बाळ कडेवर घेऊन ती चित्रासमोर उभी होती. बाळाची मान तिने तळव्यात धरून चित्राकडे वळवली होती.

"म्हण, ताईला गुड मॉर्निंग म्हण. मग दूधू."

मी चहाचा कप तिथेच जमिनीवर ठेवला. त्या जर्मन बाईंनी हे मला एकट्याला सांगितलं होतं. माझ्या तोंडून ते कधीच बाहेर पडलेलं नव्हतं. मी दाराला धरून उभा राहिलो. आत जाऊन हे बंद कर म्हणावं, चित्र उचलून लिफ्टमध्ये घालावं, समुद्रात टाकावं, सगळं मनात येऊन गेलं. त्या चार भावंडांचं काय झालं ते मी हिला सांगावं का? म्हातारपणापर्यंत भिंतीशी बोलत होती. पण म्हातारपणापर्यंत जगलीही होती.

सुनेला चाहूल लागली. वळून म्हणाली, "बाबा, या ना. तुम्हीही म्हणा."

"मी काय म्हणू?"

"तुमची पहिली नात आहे ती."

मी आत गेलो. निळे डोळे माझ्यावर होते, दारात होते तसेच. घसा साफ केला. भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळणारा मी, मला दोन शब्द जुळेनात. मागे चपलांचा आवाज झाला, आणि विहीणबाई माझ्या खांद्यावरून पुढे वाकून हलकेच म्हणाल्या, "उठलीस का गं, बाळा?"

तिथेही त्यांनी माझ्या आधी नंबर लावला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हातात माझ्या बायकोच्या फोटोसाठी आणलेला नवा चंदनाचा हार होता. त्यांनी तो फ्रेमपर्यंत नेला, आणि तिथेच थबकल्या.

"घालू का?" त्यांनी मला विचारलं. मला.

बाळाने तोंड उघडून चित्राकडे बघत आवाज केला. सून आम्हां दोघांकडे बघत होती.

"नको," मी म्हणालो. "तिला अजून मोठं व्हायचंय."

विहीणबाईंनी हार परत पदरात घेतला. आता दर शनिवारी मी गेलो की आधी त्या खोलीत जातो आणि सुप्रभात म्हणतो. तिचे डोळे माझ्यामागे दारापर्यंत येतात. त्यांची सवय मला अजून झालेली नाही.